किसनमामाची जागा

रेणापुरातल्या आमच्या घरात दिवस उजाडायचा तो स्टोव्हच्या आवाजानं. आई आधी पिन मारायची, मग दातओठ खात पंप मारायची, आणि एकदा का तो भर्रर्र करून पेटला की आमच्याच काय, शेजारच्या घरातलीही माणसं उठून बसायची. त्यानंतर काठवटीत भाकरी थापल्याचा आवाज, रांजणावरचं झाकण सरकल्याचा आवाज आणि न्हाणीत अण्णांचं चूळ भरणं. अण्णा म्हणजे माझे वडील. तहसील कचेरीत कारकून होते आणि दिवसभर साहेबासमोर गप्प बसायचं म्हणून की काय, चूळ मात्र सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी भरायचे. माझा डबा ठरलेला असायचा. ज्वारीच्या दोन भाकरी, त्यांच्या घडीत शेंगदाण्याची चटणी, आणि सणासुदीचा दुसरा दिवस असला तर शिळ्या पुरणपोळीचा तुकडा. आई डबा हातात द्यायची आणि रोज एकच वाक्य म्हणायची, "सरळ जायचं, सरळ यायचं, खोटं बोलायचं न्हाई." पहिल्या दोन गोष्टी एसटी महामंडळाच्या हातात होत्या. तिसरी माझ्या हातात होती आणि तिथंच घोळ झाला.

आईला भाऊ नव्हता. त्या तिघी बहिणी. म्हणजे मला दोन मावश्या होत्या, पण मामा नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत अख्खी गल्ली मामाच्या गावाला जायची आणि मी उरलेल्या कुत्र्यांबरोबर गल्ली राखायचे. भाऊबीजेला आई अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची, ताट आत ठेवायची आणि लगेच भांडी घासायला बसायची. त्या दिवशी भांड्यांचा आवाज जरा जास्त व्हायचा. त्यावर घरात कधी कोणी काही बोललं नाही. माझ्याही मनात काही खुपत होतं असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आज बासष्टाव्या वर्षी नांदेडातल्या घराच्या ओट्यावर बसून हे लिहिताना तेवढं हसू येत नाही.

अकरावीला मी आणि माझी मैत्रीण शकू लातूरला जाऊ लागलो. शकू आमच्या मागच्या गल्लीत राहायची. अंगानं दांडगी, आवाजानं त्याहून दांडगी. सकाळची गाडी मागूनच भरून यायची, त्यामुळं लातूरपर्यंत आम्ही दांडीला लटकत जायचो. संध्याकाळची गाडी मात्र लातूरच्या स्टँडवरूनच सुटायची आणि तिच्यात जागा धरणं हा एक मर्दानी खेळ होता. गाडी फलाटाला लागायच्या आधीच लोक खिडकीतून रुमाल, टोप्या, डबे आत फेकायचे. एकदा एका माणसानं जिवंत कोंबडी फेकली होती आणि तिनं खरोखर तिघांची जागा राखली. आमची रीत अशी होती की शकूनं कोपरांनी दरवाजा मोकळा करायचा आणि मी काटकुळी असल्यानं तिच्या बगलेखालून आत घुसायचं. दोघींना जागा मिळायची. दुखणं होतं ते तिसऱ्या माणसाचं. बाकडं तिघांचं. तिसरा कोण येऊन बसेल ते नशिबावर. कुणी तंबाखू मळायचा, कुणी आमच्या खांद्यावर झोपायचा, कुणी कांद्याचं पोतं मांडीवर घेऊन बसायचा, स्वतःच्या नव्हे, आमच्या.

त्या दिवशी दोन पोती घेऊन एक आडदांड गृहस्थ आमच्यासमोर येऊन उभे राहिले. "सरका गं पोरींनो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "इथं माझे मामा बसणारेत."

"कुठं हायत मामा?"

"दवाखान्यात गेलेत. येऊनच राहिलेत."

मी सरळ खिडकीबाहेर पाहत होते, म्हणजे चेहरा दिसू नये. गृहस्थ कुरकुरत मागे गेले. पण एवढ्यात गफूरभाई कंडक्टर तिथं पोचले. गफूरभाई म्हणजे उंच, वाळका, पांढऱ्या दाढीचा माणूस. तिकिटाचा पंच बोटांत टिकटिक वाजवत यायचे आणि सगळ्या गाडीच्या घरचं त्यांना माहीत असायचं. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा जावई रुसला, सगळं. आजारी माणूस म्हटल्यावर त्यांनी पंच वाजवायचा थांबवला.

"मामांचं नाव काय बेटा?"

समोर शिंप्याच्या दुकानाची पाटी होती, किसन टेलर्स. "किसन. किसनमामा."

"कुठले?"

शेजारच्या फलाटावर बिलोलीची गाडी उभी होती. "बिलोलीचे."

"लई लांबून आलेत. काय होऊन राहिलं त्यांना?"

"गुडघे," मी म्हणाले. त्याच क्षणी शकू म्हणाली, "पोट."

गफूरभाईंनी दोघींकडं पाहिलं. शकू म्हणाली, "गुडघ्यातलं दुखणं पोटात उतरलंय."

"चढलंय," मी तिला चिमटा काढून दुरुस्त केलं.

"या अल्ला," गफूरभाई खरोखर हळहळून म्हणाले, आणि त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली, "पाच मिंटं थांबा हो, पेशंट येऊन राहिला." पाच मिनिटं गाडी थांबली. मामा अर्थातच आले नाहीत. "नंबर लागला नसंल," गफूरभाईंनीच समजूत काढली आणि दोरी ओढली. दारापाशी आपल्या रिकाम्या पाटीवर भागाबाई बसली होती. तिला त्यांनी हाक मारली, "ये मावशी, मामांच्या जागेवर बस आजच्या दिस."

भागाबाई लातूरच्या मंडईत भाजी विकायची. साठीच्या पुढची, कपाळावर गोंदण, हाताला कोथिंबिरीचा वास. रेणापूरच्या अलीकडं दीड कोसावर एक फाटा होता, तिथं उतरून ती शेतातून आपल्या वस्तीवर जायची. इतकी वर्षं रोज त्याच गाडीनं येऊनही ती बाकड्यावर बसल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. भाजीवालीनं दारापाशी खाली बसायचं असा नियम कुणी केला नव्हता, पण सगळे पाळत होते. ती पदर सावरून आमच्या शेजारी टेकली आणि म्हणाली, "तुमच्या मामाच्या जिवाला बरं पडू दे बया. बुड टेकलं."

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, झालं ते झालं. पण गाडी लागली तसे गफूरभाईच पुढं आले. "मामांची जागा धरा, मामांची जागा!" लोक चक्क बाजूला सरले. शकूनं माझ्याकडं पाहिलं, मी शकूकडं पाहिलं, आणि आम्ही तिसऱ्या जागेवर दप्तरं ठेवली. पुन्हा पाच मिनिटं गाडी थांबली, पुन्हा मामा आले नाहीत, पुन्हा भागाबाई येऊन बसली. मग ते रोजचंच झालं.

इथून पुढं मी जे सांगणार आहे त्याची मला लाज वाटायला हवी, आणि वाटतेही, पण खरं सांगायचं तर त्या दोन महिन्यांइतकी मजा मी पुढच्या आयुष्यात फार थोड्या वेळा केली. आम्ही रोज कॉलेजच्या पाण्याच्या टाकीमागं बसून मामांची तब्येत ठरवायचो. सोमवारी सलाईन, मंगळवारी एक्स-रे, बुधवारी थोडा उतार, गुरुवारी पुन्हा कळ. रोज ते दवाखान्यातून सुटणार असायचे आणि रोज काहीतरी आडवं यायचं. शकूला कळ आवडायची, मला उतार आवडायचा, आणि त्यावरून आमची भांडणं व्हायची. संध्याकाळी बसमध्ये बातमी गेली की सगळी गाडी तिच्यावर बोलायची. कुणी म्हणायचं लसूण भाजून द्या, कुणी म्हणायचं उदगीरला एक हाडवैद्य आहे. एका बाईनं मामांसाठी धपाटे पाठवले. ते आम्ही मामांच्या वतीनं रेणापूरच्या वेशीबाहेर, वडाखाली बसून खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, "मामांना आवडले, पण तिखट जरा कमी पाहिजे होतं." बाईनं मुकाट्यानं कमी तिखटाचे करून आणले. भागाबाईनं निरगुडीचं तेल एका बाटलीत घालून, वर चिंधीचा बोळा बसवून दिलं. "रोज सकाळी कोमट करून चोळायचं. आळस करायचा न्हाई म्हणावं." आम्ही माना डोलावल्या आणि बाटली शकूच्या दप्तरात गेली.

एकदा जीव गोळा झाला होता. एक पाहुणा माणूस गाडीत चढला आणि मामांचं नाव ऐकून म्हणाला, "बिलोलीचे किसनराव? कोणत्या गल्लीतले? मी बिलोलीचाच की." मी दप्तराचा बंद बांधायला घेतला. शकू शांतपणे म्हणाली, "ते गल्लीत दिसतच नाहीत हो. सारखे आजारीच असतात." त्या भल्या माणसानं मान हलवली आणि म्हणाला, "मग पाहिलं नसंल मी."

पण मी आणखी एक गोष्ट करायला लागले होते, ती शकूलाही सांगितली नव्हती. रात्री अंथरुणावर पडले की मी मामांशी बोलायचे. मामा बारीक अंगाचे होते, उजव्या कानात बाळी, सुपारी कातरताना गुणगुणायची सवय. सुट्टीत मला न्यायला येताना पिशवीत सीताफळं असायची, आणि आईनं मला रागावलं की ते मध्ये पडायचे. जी माणसं नसतात ती किती चांगली वागतात!

चैत्र लागला. परीक्षा तोंडावर आली. लातूरचं ऊन असं की दुपारी डांबरावर पाऊल टाकलं तर चप्पल चिकटून राहायची. अशा एका संध्याकाळी भागाबाई गाडीत चढली आणि माझं लक्ष तिच्या पायांकडं गेलं. अनवाणी. एका टाचेला चिंधी बांधलेली, तिच्यातून पिवळं पाणी पाझरलेलं.

"मावशी, वहाणा कुठायत?"

"घरी ठिवल्यात."

"कामून?"

ती आपल्या जागेवर, म्हणजे मामांच्या जागेवर बसली आणि सहज सांगावं तशी म्हणाली, "नवस बोललाय तुमच्या रेणापूरच्या रेणुकाईला. तुझा मामा पायानं चालत घरला जाईस्तोवर वहाण घालणार न्हाई. अकरा दिस झाले आज."

"पण तुम्ही कशाला?" मी विचारलं.

"कशाला म्हंजी? रोज कुणाच्या जागेवर बसून जाते मी? जल्मात कुणी मला म्हनलं न्हवतं, बस म्हनून. तो पडलाय तिकडं खाटेवर आन् मी त्याच्या जागेवर ऐसपैस. त्याचे पांग फेडाया नकोत?"

शकू तोंडात ओढणी कोंबून बाहेर पाहत होती.

दुसऱ्या दिवशी टाकीमागं बैठक बसली. शकू म्हणाली, "मारून टाकू त्याला."

"वेडी आहेस का? मेला तर तिचा नवस फुकट. आणि सगळी गाडी आमच्या घरी भेटायला येईल."

"मग बरा करू."

बरा करणं सोपं होतं. संध्याकाळी आम्ही जाहीर केलं की मामांना पूर्ण आराम पडला, आज सकाळी ते स्वतःच्या पायानं चालत स्टँडवर गेले आणि बिलोलीच्या गाडीत बसले. गाडीत एकच आनंद झाला. कुणीतरी शेंगा वाटल्या. गफूरभाईंनी दोन्ही हात वर करून दुवा मागितली. मी भागाबाईकडं वळून म्हणाले, "मावशी, आता उद्यापासून वहाणा घाला."

"बघितल्याबिगर कशी घालू?" भागाबाई म्हणाली. "देवीला काय सांगू, पोरी म्हनल्या म्हनून घातल्या? डोळ्यांनी बघंन मी चालताना. मंग घालंन."

"पण ते तर बिलोलीला गेले."

"मंग जाते बिलोलीला. गफूरभाई, कधी असती हो गाडी?"

"सकाळी सातला, मावशी. मी त्या कंडक्टरला सांगतो, तुम्हाला पुढं बसवंल."

"सोमवारी जाते. भाकरी बांधून घिऊन जाते. लातूरच्या पल्याडचं गाव बघितलं न्हाई मी अजून. तेवढंच बघणं हुईल." आणि ती चक्क खुश झाली. तिनं मला विचारलं, बिलोलीत उतरल्यावर घर सापडायला सोपं आहे ना.

माझ्या डोळ्यांसमोर ती दिसली. अनवाणी, कडेला भाकरीचं गाठोडं, बिलोलीच्या बाजारात एकेकाला विचारतेय, किसनरावाचं घर कुठं, गुडघ्याचं दुखणं होतं त्याचं. आणि लोक म्हणताहेत, असा कुणी माणूसच नाही बाई. फाटा आला. भागाबाई पाटी उचलून उतरली. गफूरभाईंचा हात दोरीकडं गेला, तशी मी उठले. शकूनं माझी वेणी धरली. "कुठं चाललीस?" मी वेणी सोडवून घेतली आणि चालत्या गाडीतून उडी मारली.

गाडी गेली. धूळ खाली बसली. भागाबाई माझ्याकडं पाहत उभी. "काय गं, काय राह्यलं?"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. किसन टेलर्सची पाटी, बिलोलीची गाडी, गुडघे आणि पोट, धपाटे, सगळं. एवढं आठवतं की मी तिच्या तोंडाकडं न पाहता तिच्या टाचेकडं पाहून बोलत होते. बोलून झाल्यावर तिनं पाटी खाली ठेवली. मग तिनं एकच विचारलं.

"म्हंजी त्या जागेवर कुणीच बसनार न्हवतं?"

"नाही."

"चपला काढ."

मी काढल्या. तिनं त्या उचलून आपल्या पाटीत टाकल्या, पाटी डोक्यावर घेतली आणि घराच्या उलट्या दिशेनं, रेणापूरच्या रस्त्यानं चालू लागली. "चल. देवीफुडं सांग आता. माझ्या तोंडानं न्हाई सांगनार मी."

साडेपाच वाजले असतील. ऊन उतरलं होतं, पण रस्त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या शंभर पावलांत माझे तळवे पेटले. मी कडेच्या मातीत चालायला गेले तर तिथं काटे. भागाबाई पुढं, मी मागं. ती वळून पाहत नव्हती, आणि मला ओरडावंसं वाटत होतं की रागव, मार, पण बोल. अर्ध्या वाटेवर माझ्या अंगठ्याला फोड आला आणि मी मटकन खाली बसले. तेव्हा ती थांबली. माझ्याजवळ उकिडवी बसली, स्वतःच्या टाचेची चिंधी सोडली, दातानं मधोमध फाडली आणि अर्धी माझ्या अंगठ्याला बांधली.

"माझ्या तेलाचं काय केलं? सांडलं का?"

"नाही. शकूच्या आजीला दिलं. तिचे गुडघे धरले होते. उठवत नव्हतं."

"चोळलं का रोज?"

"शकू चोळायची. कोमट करून."

"मंग?"

"आता उठते. हातपंपावरून पाणी आणते. कालच सुनेशी भांडायला परसात पळत गेली."

भागाबाई माझ्याकडं बघत राहिली. मग ती हसायला लागली. अशी हसली की डोक्यावरची पाटी घसरून खाली आली. "आगं येडे, हे आदी सांगाया काय झालं तुला! तेल लागलं, गुडघे उठले, मानूस पायानं चाललं. किसन न्हाई तर म्हातारी. देवी काय तहसीलदार हाय का, नावात चूक झाली म्हनून अर्ज वापस करायला?"

तहसील कचेरीतल्या कारकुनाच्या पोरीला हे पटायला वेळ लागला नाही. मी रडत होते, तशीच हसायला लागले. तरी चपला तिनं दिल्या नाहीत. "नवस फिटला तो माझा. तुझं खोटं अजून तसंच हाय. चल."

गावाच्या अलीकडं समोरून आई येताना दिसली. आई एकटी गल्लीच्या बाहेर पडल्याचं मी पाहिलं नव्हतं, आणि ती आज डोक्यावरचा पदर दातात धरून भर रस्त्यानं जवळजवळ पळत येत होती. मागं शकू, रडून डोळे सुजलेली. म्हणजे सगळं सांगून झालं होतं. आई येऊन समोर उभी राहिली. तिनं माझे पाय पाहिले, भागाबाईचे पाय पाहिले, पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार.

"किसन कोण?" आईनं विचारलं.

"तुझा भाऊ," मी म्हणाले. दुसरं उत्तर नव्हतंच.

आईचा उचललेला हात तसाच राहिला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला तेव्हा कळलं नाही. तिनं हात खाली घेतला, भागाबाईच्या डोक्यावरची पाटी स्वतःकडं घेतली आणि म्हणाली, "चला, आधी देवीला. मग घरी."

देवीसमोर मी मोठ्यानं सांगितलं, पुजारी ऐकत होता तरी सांगितलं. घरी आल्यावर आईनं भागाबाईला ओट्यावर बसवलं, तांब्यानं पायांवर पाणी घातलं, फडक्यानं टिपलं आणि फोडांवर तूप लावलं. भागाबाई पाय मागं घेत होती, आई सोडत नव्हती. पिठलं-भाकरी झाली. शेवटी अण्णांनी तिला सायकलवर मागं बसवून फाट्यापर्यंत सोडलं. आमचे सरकारी अण्णा पुढं, मागं पाटी धरून भागाबाई, आणि ती जाताना ओरडत होती, "मालक, हळू, मालक, पाडताल!" मला मात्र कुणी एक शब्द बोललं नाही. आईनं फक्त एवढं सांगितलं, "उद्या कंडक्टरला तूच सांगायचं."

गफूरभाईंना आम्ही स्टँडवर, गाडी लागायच्या आधी गाठलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "रोज पाच मिंटं," ते म्हणाले. "ड्रायव्हरच्या शिव्या खाऊन मी गाडी थांबवली. घरी नमाजात तुमच्या मामासाठी दुवा मागितली, बेटा. माझी बायको विचारायची, आज कसे हायत बिलोलीवाले." आम्ही खाली माना घालून उभ्या. "गाडीतल्या सगळ्यांना सांगतो आम्ही," मी कसंबसं म्हणाले.

"अजिबात न्हाई!" ते एकदम म्हणाले. "लोकांना कळलं तर उद्या खरा आजारी माणूस आला तरी कुणी उठणार न्हाई त्याच्यासाठी. किसनराव बरे झाले, गावाला गेले. बस. हे झूठ आता माझ्या माथ्यावर." मग थोडं थांबून, "आणि परीक्षा होईस्तोवर तुम्ही दोघी उभ्यानं जायचं. जागा असली तरी."

आम्ही उभ्यानं गेलो. रिकाम्या बाकड्यांसमोर उभ्यानं गेलो. लोक म्हणायचे, पोरींनो बसा की, आणि गफूरभाई दारातून म्हणायचे, "राहू द्या, त्यांना उभं राहणं आवडतं." भागाबाई वहाणा घालून, खिडकीशी बसून, आमच्याकडं पाहून पदराआड हसायची. ती जागा आता तिचीच होती. गफूरभाई स्वतः तिथं आपली तिकिटाची पेटी ठेवून धरायचे. आमच्याशी मात्र ते परीक्षा संपेपर्यंत बोलले नाहीत, आणि नंतरही पूर्वीसारखं कधी बोलले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. आजही नांदेडच्या स्टँडवर अर्धं तिकीट काढून गाडीत बसले आणि कुणी म्हणालं, इथं पेशंट बसणार आहे, की मी न विचारता उठते. दहातले चार तरी खोटं बोलत असतील. उरलेल्या सहांसाठी उठते.

घरात त्या गोष्टीचा उल्लेख झाला नाही. आई रोज डबा द्यायची, पण "खोटं बोलायचं न्हाई" हे वाक्य तिनं सोडून दिलं होतं, आणि ते न म्हणणं मला जास्त टोचायचं. परीक्षा संपली. कुरडयांचे दिवस आले. गव्हाचा चीक पहाटे शिजवून, गरम असतानाच माळवदावर, म्हणजे घरावरच्या मातीच्या गच्चीवर, चढवायचा आणि सोऱ्यातून भराभर घालायचा, कारण गार झाला की तो दगड. आई या कामात फार कडक. शिंकायचीही परवानगी नसायची. मी धोतराचं ओलं फडकं ताणून धरलं होतं, आई सोऱ्या दाबत होती, कुरडया एकसारख्या गोल पडत होत्या. ऊन अजून कोवळं होतं. गल्लीत कुणाचातरी रेडिओ लागला होता.

"काय म्हणायचा गं तो मला?" आईनं विचारलं. मान खालीच.

"कोण?"

"तोच. बिलोलीचा."

मी इतका विचार केला होता, बाळीपासून सीताफळांपर्यंत, पण हे कधीच ठरवलं नव्हतं. आई सोऱ्या हातात धरून थांबली होती. पातेल्यातला चीक वाफाळत होता.

"अक्का," मी म्हणाले.

"अक्का," आईनं स्वतःशी म्हणून पाहिलं. एक कुरडई घातली. दुसरी घातली. "धाकटा होता म्हणजे."

"हाव. तुझ्याहून तीन वर्षांनी."

"दिसायला?"

मग मी सांगायला लागले. मध्येच तिनं सोऱ्या खाली ठेवला आणि माळवदाच्या कठड्याला टेकून बसली. पातेल्यात चीक गार होत चालला होता, त्यावर साय धरायला लागली होती. मी एकदा तिकडं बोट दाखवलं, तर आई म्हणाली, "होऊ दे. तू सांग पुढं."